परांची आणि इमारत

आपण रोज पाहतो ती संकेतस्थळे माणसांनी लिहिलेल्या सूचनांवर चालतात. या सूचनांचा काही भाग आता संगणकच लिहून देऊ शकतो. तो कसा लिहितो, किती लिहितो आणि त्यानंतर माणसाकडे कोणते काम उरते, याची माहिती या पाठात दिली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, जनरेटर हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. वीज गेली की दवाखान्यात किंवा लग्नाच्या मांडवामागे जे यंत्र धडधडू लागते, त्याला आपण जनरेटर म्हणतो. ते वीज निर्माण करते. संगणकाच्या जगातही जनरेटर असतात. ते वीज निर्माण करत नाहीत, तर कोड निर्माण करतात. कोड म्हणजे संगणकाने काय करावे, हे त्याला समजेल अशा भाषेत लिहिलेल्या सूचना. या सूचना लिहून देणाऱ्या प्रोग्रामला कोड जनरेटर म्हणतात.

संगणकच सूचना लिहू लागला, तर माणसाने काय करायचे? तुमच्या मनात हा प्रश्न आलाच असेल. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण एक काम हाती घेऊ.

समजा, तुमच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी एक वेब ॲप्लिकेशन तयार करायचे आहे. ब्राउझरमध्ये उघडणारे, माहिती घेणारे, ती साठवणारे आणि हवी तेव्हा दाखवणारे संकेतस्थळ म्हणजे वेब ॲप्लिकेशन. रेल्वेचे तिकीट काढण्याचे संकेतस्थळ हे त्याचे एक उदाहरण आहे. आपल्याला प्रत्येक पुस्तकाचे नाव, लेखक, भाषा आणि प्रतींची संख्या एवढीच माहिती ठेवायची आहे. त्यासाठी चार कामे करावी लागतील. नवी नोंद करणे, नोंद पाहणे, नोंद दुरुस्त करणे आणि नोंद काढून टाकणे.

आता थोडा विचार करा. दवाखान्यात रुग्णांची नोंद ठेवतात. दुकानात मालाची नोंद ठेवतात. तेथेही हीच चार कामे असतात. नावे बदलतात, काम बदलत नाही. प्रत्येक वेळी तेच काम नव्याने लिहीत बसणे कंटाळवाणे असते आणि कंटाळलेल्या माणसाच्या हातून चुका होतात. या अडचणीतूनच फ्रेमवर्क आणि जनरेटर पुढे आले.

फ्रेमवर्क म्हणजे तयार चौकट. घर बांधताना खांब, तुळया आणि पाया आधीच उभे असावेत आणि आपण फक्त भिंती व खोल्या आखाव्यात, तसे हे असते. वेबसाठी लिहिलेल्या अनेक फ्रेमवर्कमध्ये कामाची वाटणी तीन भागांत केलेली असते. माहिती सांभाळणाऱ्या भागाला मॉडेल म्हणतात. माहिती पडद्यावर दाखवणारा भाग म्हणजे व्ह्यू. वापरणाऱ्याची मागणी ऐकून या दोघांकडून काम करवून घेणारा भाग म्हणजे कंट्रोलर. ग्रंथालयाशी तुलना केली, तर पुस्तकांचे कपाट आणि नोंदवही म्हणजे मॉडेल, भिंतीवरची यादी म्हणजे व्ह्यू आणि टेबलामागे बसलेले ग्रंथपाल म्हणजे कंट्रोलर. ही वाटणी ट्रिग्वे रेन्स्काउग या नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी 1979 साली सुचवली. त्या वेळी वेब जन्मालाही आले नव्हते.

अशा फ्रेमवर्कपैकी एकाचे नाव आहे रूबी ऑन रेल्स. रूबी ही संगणकाची भाषा जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी तयार केली आणि 1995 साली लोकांसमोर आणली. डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी त्या भाषेत रेल्स हे फ्रेमवर्क लिहिले आणि 2004 साली सर्वांसाठी खुले केले. पुढच्या वर्षी त्यांनी एका चित्रफितीत केवळ 15 मिनिटांत एक छोटे वेब ॲप्लिकेशन उभे करून दाखवले. पाहणारे चकित झाले. या वेगामागे मोठा हात होता स्कॅफोल्ड या सोयीचा.

आपल्या ग्रंथालयासाठी हा जनरेटर वापरून पाहू. संगणकाला असा हुकूम द्यायचा: ‘रेल्स जनरेट स्कॅफोल्ड बुक टायटल:स्ट्रिंग ऑथर:स्ट्रिंग लँग्वेज:स्ट्रिंग कॉपीज:इंटिजर’. प्रत्यक्षात हा हुकूम रोमन लिपीत लिहावा लागतो. त्याचा अर्थ असा: ‘पुस्तक नावाच्या वस्तूसाठी सारी तयारी कर. तिचे नाव, लेखक आणि भाषा हे शब्दांचे रकाने आहेत. प्रती हा पूर्ण संख्येचा रकाना आहे.’

एवढे लिहून कळ दाबली की पडद्यावर भराभर ओळी उमटतात. काही क्षणांत दहा-पंधरा फाइली तयार होतात. एक फाइल मॉडेलची, एक कंट्रोलरची, तर काही पडद्यावर दिसणाऱ्या पानांच्या असतात. काही फाइली तपासणीसाठी असतात. कोणता पत्ता उघडल्यावर कोणते काम करायचे, याची नोंदही जनरेटर योग्य जागी करतो. कंट्रोलरमध्ये सात कामे लिहिलेली असतात: यादी दाखवणे, एक नोंद दाखवणे, नव्या नोंदीचा कोरा फॉर्म देणे, तो साठवणे, जुन्या नोंदीचा फॉर्म देणे, बदल साठवणे आणि नोंद पुसणे.

आणखी एक फाइल तयार होते. तिला मायग्रेशन म्हणतात. माहितीच्या भांडारात कोणता तक्ता बनवायचा, हे तिच्यात लिहिलेले असते. तिच्या नावाच्या सुरुवातीला वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद जोडलेले असतात. त्यामुळे कोणता बदल आधी झाला आणि कोणता नंतर, हे स्पष्ट राहते. मात्र ही फाइल तयार झाली म्हणून तक्ता तयार होत नाही. त्यासाठी वेगळा हुकूम द्यावा लागतो. तुम्ही आधी फाइल वाचावी, मग तक्ता बनवावा, अशी संधी येथे मिळते.

जनरेटरला हे सारे कसे जमते? त्याच्याजवळ साचे असतात. तुमच्या उर्दूत साँचा म्हणतात, तोच हा शब्द. रजेच्या अर्जाचा छापील नमुना तुम्ही पाहिला असेल. मजकूर तयार असतो. फक्त नाव, वर्ग आणि तारीख यांच्या जागा रिकाम्या असतात. जनरेटरच्या साच्यातही अशाच रिकाम्या जागा असतात. तो तुमच्या हुकमातील शब्द उचलतो आणि योग्य ठिकाणी भरतो. पुस्तक म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नसते. वाचनाची गोडी तर त्याला मुळीच नसते.

याचा एक गमतीदार पुरावा पाहा. रेल्समध्ये मॉडेलचे नाव एकवचनी आणि तक्त्याचे नाव अनेकवचनी असते. इंग्रजी शब्द दिले तर जनरेटर त्यांचे अनेकवचन बरोबर करतो. ‘बुक’चे ‘बुक्स’ होते. ‘पर्सन’चे तर ‘पीपल’ होते. पण रोमन लिपीत ‘पुस्तक’ लिहा. तो त्याचे ‘पुस्तक्स’ करील! ‘किताब’ लिहा, तर ‘किताब्स’ होईल. मराठीतील ‘पुस्तके’ आणि उर्दूतील ‘किताबें’ त्याच्या साच्यात नाहीत. ते तुम्हाला माहीत आहेत, त्याला नाहीत.

तरीही जनरेटरचे उपकार मोठे आहेत. ‘टायटल’ हा एकच शब्द तक्त्यात, फॉर्ममध्ये, यादीत आणि तपासणीत लिहावा लागतो. हाताने लिहिताना एका ठिकाणी एक अक्षर चुकले, की सारे अडते. जनरेटर तो शब्द सगळीकडे सारखाच लिहितो. शिवाय कोणती फाइल कोठे असावी, याची शिस्त तो पाळतो. त्यामुळे रेल्स जाणणारा दुसरा माणूस तुमचे काम हाती घेतो, तेव्हा त्याला शोधाशोध करावी लागत नाही. नवशिक्याला तर तो एक चालता नमुनाच देतो. ‘हे काम असे करतात’ हे त्याला डोळ्यांनी पाहता येते.

आता या जनरेटरच्या नावाकडे लक्ष द्या. स्कॅफोल्ड या इंग्रजी शब्दाचा अर्थ आहे परांची. इमारत बांधताना तिच्याभोवती बांबूंचा किंवा लोखंडी नळ्यांचा जो सांगाडा उभारतात, तो म्हणजे परांची. तिच्यावर उभे राहून गवंडी विटा रचतो आणि रंगारी रंग देतो. परांचीवाचून उंच भिंत बांधणे कठीण असते. पण परांचीत कोणी राहायला जात नाही. इमारत तयार झाली की परांची उतरवतात. ज्यांनी हे नाव ठेवले, त्यांनी नावातच इशारा देऊन ठेवला आहे.

मग या परांचीत काय काय नसते? पहिली गोष्ट म्हणजे कुलूप. केवळ स्कॅफोल्डने बनवलेले ॲप्लिकेशन तसेच लोकांसाठी खुले केले, तर ते उघडणारा कोणीही कोणतेही पुस्तक यादीतून काढून टाकू शकतो. तुम्ही ग्रंथपाल आहात का, हे तो विचारत नाही. 2024 साली आलेल्या रेल्सच्या आठव्या आवृत्तीत खाते आणि परवलीचा शब्द तपासणारा वेगळा जनरेटर मिळू लागला. पण तो चालवण्याचे तुम्हाला सुचले पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे माहितीची पारख. पुस्तकाच्या नावाची जागा रिकामी ठेवली, तरी नोंद साठवली जाते. प्रतींची संख्या ‘उणे पाच’ लिहिली, तरी चालते. कोणत्या ग्रंथालयात उणे पाच पुस्तके असतात? हे नियम तुम्हालाच मॉडेलमध्ये लिहावे लागतात.

तिसरी गोष्ट तुमच्या अगदी जवळची आहे. तुमच्या ग्रंथालयात मराठी, इंग्रजी आणि उर्दू अशी सर्व पुस्तके असतील. मराठी डावीकडून उजवीकडे लिहितात, तर उर्दू उजवीकडून डावीकडे. जनरेटरने बनवलेले पान डावीकडून सुरू होते. उर्दू नावाची अक्षरे ब्राउझर बरोबर जोडतो, पण नाव डाव्या कडेलाच चिकटून राहते. त्यात एखादा आकडा किंवा इंग्रजी शब्द आला, तर क्रम उलटसुलट दिसू शकतो. पानावरील मजकुराची दिशा सांगण्याची सोय वेबच्या भाषेत आहे. तिला ‘डिर’ म्हणतात. ती ‘ऑटो’ ठेवली, तर मजकूर पाहून दिशा ठरते. हा एक छोटा शब्द जोडायचा असतो. पण तो कोण जोडील? ज्याला उर्दू वाचता येते, त्याच्याच ते लक्षात येईल.

आता एक खरी घडलेली घटना सांगतो. जनरेटरने लिहिलेला कोड न वाचता पुढे जाणे किती महाग पडू शकते, हे तिच्यावरून कळेल.

आपल्या ग्रंथालयात वाचकांचाही एक तक्ता आहे, असे समजा. त्यात नाव, वर्ग आणि ‘ग्रंथपाल आहे की नाही’ असे तीन रकाने आहेत. वाचकाला दिसणाऱ्या फॉर्ममध्ये नाव आणि वर्ग एवढेच आहेत. रेल्सच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये जनरेटर असा कोड लिहीत असे, की फॉर्ममधून जे जे येईल ते सर्व एकदम घ्यावे आणि तक्त्यात भरावे. हे फार सोयीचे होते. पण एखाद्या चलाख माणसाने पाठवल्या जाणाऱ्या माहितीत ‘ग्रंथपाल: होय’ अशी ओळ स्वतःच जोडली तर? फॉर्ममध्ये ती जागा नव्हती, तरी तक्ता ती ओळ स्वीकारी. क्षणात तो माणूस ग्रंथपाल होई!

एगोर होमाकोव्ह या तरुण रशियन प्रोग्रामरने हा धोका ओळखला. 2012 साली त्याने रेल्सच्या कर्त्यांना कळवले, की ही पद्धत मुळातच बंद असावी. त्यांना वाटले, की काळजी घेणे हे ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याचे काम आहे. जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ज्या गिटहब या संकेतस्थळावर ठेवतात, ते रेल्समध्येच लिहिलेले होते आणि रेल्सचा स्वतःचा कोडही तेथेच ठेवलेला होता. मार्च 2012 मध्ये होमाकोव्हने गिटहबच्या एका फॉर्ममध्ये असाच एक जादा रकाना जोडून पाठवला. त्यामुळे त्याला रेल्सच्या कोडात लिहिण्याचा अधिकार मिळाला. तेथे त्याने स्वतःची एक नोंद करून दाखवली. गिटहबने त्याच दिवशी ही फट बुजवली. होमाकोव्हचे खाते आधी थांबवण्यात आले, पण त्याचा हेतू वाईट नव्हता हे दिसल्यावर ते पुन्हा सुरू करण्यात आले.

या घटनेनंतर रेल्सचे साचे बदलले. 2013 साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून जनरेटर कंट्रोलरमध्ये परवानगीची एक यादी लिहितो. त्या यादीत जे रकाने आहेत, तेवढेच फॉर्ममधून घेतले जातात. बाकीचे दाराबाहेर राहतात. पाहा, साचा माणसांनीच केलेला असतो. त्यात दोष असला, तर तो दोष त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक विटेत उतरतो. हजारो लोक तोच साचा वापरत असतील, तर एक दोष हजार ठिकाणी पोहोचतो. आणि साचा सुधारला, तरी आधी तयार झालेल्या विटा आपोआप सुधारत नाहीत. त्या ज्याच्या त्यानेच तपासाव्या लागतात.

परवानगीच्या या यादीमुळे नवशिके कधी कधी गोंधळतात. समजा, महिनाभराने तुम्ही पुस्तकांच्या तक्त्यात ‘किंमत’ हा नवा रकाना जोडला. फॉर्ममध्येही त्याची जागा केली. किंमत लिहिली, बटण दाबले, नोंद साठवली गेली. पण किंमत कोरीच! असे का झाले? परवानगीची यादी जनरेटरने पहिल्या दिवशी लिहिली होती. तिच्यात किंमत नाही. जनरेटर एकदा लिहून निघून जातो. पुढचे बदल तो पाहत नाही. ज्याने कंट्रोलर वाचला आहे, तो एका मिनिटात ही चूक शोधतो. ज्याने वाचला नाही, तो दिवसभर शोधत राहतो.

तोच हुकूम पुन्हा दिला तर? तुम्ही बदललेली फाइल जागेवर आहे असे दिसताच रेल्स विचारतो, ‘हिच्यावर नवी लिहू का?’ घाईत ‘हो’ म्हणालात, तर तुमची मेहनत पुसली जाईल. जनरेटरने केलेले काम मागे घेण्याचाही एक हुकूम आहे. तो फाइली पुसताना त्यांत तुम्ही काय जोडले होते, हे पाहत नाही. म्हणून असे हुकूम देण्यापूर्वी केलेले काम जपून ठेवावे.

जनरेटर फक्त रेल्समध्येच असतात असे नाही. 2011 साली आलेल्या लाराव्हेल या फ्रेमवर्कमध्येही अशी सोय आहे. तेथे कोड लिहून घेण्यासाठी वापरायच्या साधनाचे नाव आहे आर्टिसन, म्हणजे कारागीर. अमेरिकेतील कॅन्सास राज्यातल्या एका वृत्तपत्रासाठी काम करताना जँगो हे फ्रेमवर्क तयार झाले आणि 2005 साली ते सर्वांना मिळाले. ते वेगळ्या वाटेने जाते. मॉडेल लिहिले आणि ते जँगोला कळवले, की नोंदी सांभाळण्याची पाने ते स्वतःच दाखवते. त्यासाठी वेगळ्या फाइली लिहून ठेवत नाही.

अलीकडे साध्या भाषेत सांगितले तरी कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही आली आहेत. त्यांच्यात आणि जनरेटरमध्ये एक फरक लक्षात ठेवा. जनरेटर ठरलेल्या साच्यातून लिहितो. तोच हुकूम दिला, तर पुन्हा तसाच कोड मिळतो. कृत्रिम बुद्धिमत्तेला तोच प्रश्न दोनदा विचारला, तर उत्तरे वेगळी येऊ शकतात. म्हणून तेथे वाचण्याची आणि तपासण्याची गरज आणखी वाढते.

तेव्हा मित्रांनो, उद्या तुम्ही जनरेटर वापराल, तेव्हा काही सवयी लावून घ्या. हुकूम देण्यापूर्वी वहीत रकान्यांची यादी करा. किती फाइली तयार झाल्या ते पाहा आणि प्रत्येक फाइल उघडून वाचा. एखादी ओळ समजली नाही, तर विचारा. जे नको असेल ते काढून टाका. कुलूप, नियम आणि भाषा यांचा विचार स्वतः करा. पहिल्यांदा शिकताना तर एक छोटे ॲप्लिकेशन सर्व ओळी हाताने लिहून तयार करा. मग जनरेटरने आपले कोणते श्रम वाचवले, हे नीट कळेल.

सुरुवातीला आपण विचारले होते, की संगणकच लिहू लागला तर माणसाने काय करायचे? जे सर्वांचे सारखे असते, ते जनरेटर लिहितो. जे फक्त आपले असते, ते आपल्यालाच लिहावे लागते. तुमच्या ग्रंथालयात कोणत्या भाषांची पुस्तके आहेत, किल्ली कोणाच्या हाती असावी आणि कोणती नोंद चुकीची, हे कोणत्याही साच्यात लिहिलेले नसते. परांची भाड्याने मिळते. इमारत मात्र आपली असते आणि तिच्या मजबुतीची जबाबदारीही आपलीच असते.

स्वाध्याय

1. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कोड जनरेटर म्हणजे काय?
(आ) रूबी ही भाषा कोणी तयार केली?
(इ) मायग्रेशन फाइलच्या नावात वेळ का लिहिलेली असते?

2. कारणे लिहा.
(अ) जनरेटर ‘पुस्तक’ या शब्दाचे अनेकवचन चुकीचे करतो.
(आ) किंमत लिहिली तरी ती नोंदीत कोरी राहिली.
(इ) रेल्सच्या चौथ्या आवृत्तीत परवानगीची यादी आली.

3. चार-पाच ओळींत उत्तरे लिहा.
(अ) स्कॅफोल्ड या जनरेटरला परांचीचे नाव का शोभते?
(आ) उर्दू पुस्तकांची नावे दाखवताना कोणती काळजी घ्यावी लागते?

4. पुढील शब्दांची अनेकवचने मराठीत लिहा: पुस्तक, रकाना, नोंद, यादी, कुलूप.

5. साचा, हुकूम, कारागीर, इमारत या शब्दांसारखे मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत आढळणारे आणखी पाच शब्द शोधा.

6. तुमच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी वेब ॲप्लिकेशन बनवायचे आहे, असे समजा. त्यात कोणते रकाने असावेत आणि कोणते नियम असावेत, याची यादी करा.